शिंदीची चव आणि शिंदीवरची कुऱ्हाड

पुण्या-मुंबईच्या एखाद्या ब्रुअरीत चार मित्र काळ्याभोर स्टाउटचे ग्लास घेऊन बसतात. फेस पाहतात, वास घेतात आणि चॉकलेटची चव लागते की नाही यावर वाद घालतात. ही चव बहुधा कोकोची नसतेच. ती करपण्याच्या बेतापर्यंत भाजलेल्या मॉल्टची असते. १८१७ साली डॅनियल व्हीलर या इंग्रजाने मॉल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि आजच्या काळ्या स्टाउटची वाट मोकळी झाली.

चौघांनी बसून पेयाची पारख करणे मराठवाड्याला मात्र नवे नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात कंधार हा नांदेड जिल्ह्यातील तालुका होता आणि या भागातील गावोगावचे पेय होते शिंदी. ओढ्याकाठी, बांधावर उभ्या असलेल्या शिंदीच्या झाडाला शेंड्याजवळ खाच पाडायची, संध्याकाळी मडके बांधायचे आणि उजाडण्यापूर्वी उतरवायचे. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर हाती येते ती नीरा: गोड, गुळाच्या वासाची. चुना नसेल तर रस रात्रीच आंबू लागतो. उन्हे वर येईपर्यंत त्यावर फेस धरतो, चव आंबटगोड होते, जिभेला चुरचुरते. दुपारी आंबटपणा वाढतो आणि दुसऱ्या दिवशी तो रस जवळजवळ शिरक्यासारखा होतो.

म्हणजे शिंदीची पारख ही मुळात वेळेची पारख होती. मडके नवे की जुने, पाणी किती घातले, झाडावरून उतरून किती वेळ झाला, हे पिणारा पहिल्या घोटात सांगू शके. स्टाउट बाटलीत महिनोन्महिने टिकते. शिंदीला एक दिवसही टिकता येत नाही.

नेमकी हीच गोष्ट सरकारी खजिन्याच्या दृष्टीने अडचणीची होती. तासातासाला बदलणाऱ्या रसावर कर बसवायचा कसा? उत्तर सोपे निघाले: कर झाडावर बसवावा आणि दुकानाचा लिलाव करावा. गुत्तेदाराने बोली लावून दुकान घ्यायचे, रस काढल्या जाणाऱ्या झाडांचा कर भरायचा आणि तो सारा पैसा पिणाऱ्यांकडून वसूल करायचा. आबकारी ही संस्थानाच्या उत्पन्नातील एक प्रमुख बाब होती. रस काढणारे गौड, कलाल जीव धोक्यात घालून झाडावर चढत. नफा गुत्तेदाराचा आणि महसूल निजामाचा.

झाड हेच कराचे माप ठरल्यावर कुऱ्हाड कुठे पडणार हेही ठरून गेले. शेजारच्या म्हैसूर संस्थानात १९३९ साली चित्रदुर्गजवळच्या तुरुवनूर येथे शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झालाच होता. हैदराबादेत ७ ऑगस्ट १९४७ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा निर्णायक लढा सुरू झाला. करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणे, लेव्हीचे धान्य नाकारणे आणि शिंदीची झाडे तोडणे हे त्याचे कार्यक्रम होते. शाळा-कॉलेज सोडून आलेली मुले त्यात होती. संस्थानाच्या हद्दीबाहेर, नांदेडला लागून असलेल्या उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याची केंद्रे उभी राहिली.

या झाडतोडीला अनेकदा केवळ गांधीवादी दारूबंदीचा रंग दिला जातो. तो पूर्ण खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबले तर मुद्दा निसटतो. दारूबंदीच हवी असती तर दुकानांपुढे निदर्शने पुरली असती. झाड पाडणे म्हणजे खजिन्याचा एक आकडा कायमचा पुसणे. कायमचा, कारण शिंदी एकखोडी आहे: बाभूळ छाटली तरी फुटते, शिंदीचा शेंडा गेला की झाड मेले. नवे रोप रस देण्याजोगे व्हायला कित्येक वर्षे लागतात.

आणि येथेच मुक्तिसंग्रामाच्या गौरवकथांत सहसा न येणारा माणूस उभा आहे: रस काढणारा. निजामाचे उत्पन्न बुडाले, तसा त्याचा हंगामही बुडाला. त्याने या कुऱ्हाडीकडे कसे पाहिले असेल, हा प्रश्न विचारणारे फार थोडे निघाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, जिथे १९४९ चा दारूबंदी कायदा आधीच होता. जी झाडे कुऱ्हाडीतून वाचली, त्यांचा हिशेब खोडावरच राहिला. दरवर्षी खाच आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंना पडते, त्यामुळे जुने खोड नागमोडी दिसते. खाचा मोजल्या की त्या झाडाने किती हंगाम रस दिला ते कळते.