मानेचे सात मणके



डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. तो सारा भार मानेतले सात मणके पेलतात. पण हे मणके मोजले कसे? सुश्रुतसंहिता सांगते, की नुसत्या पोथीवर विसंबू नका. शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवा, मग थर उलगडून डोळ्यांनी पाहा. तिच्यात मानेची हाडे नऊ दिली आहेत, चरकसंहितेत पंधरा. पुढे शवविच्छेदन मागे पडले. आकडे पोथीतच राहिले. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि आपली मुले पुन्हा शवाजवळ उभी राहून शिकू लागली.

आता मान झुकवा. बुडाशी लागणारा उंचवटा बहुधा सातवा मणका. कवटीची मागची बाजू, मानेची मधली रेषा आणि हा मणका यांपासून निघालेला रुंद स्नायू खांद्याच्या हाडांना चिकटतो. ओझ्याने बहुधा तोच भरून येतो. पहिला मणका कड्यासारखा. त्यावर डोके ‘होय’ म्हणते. दुसऱ्याच्या सुळक्याभोवती फिरून ‘नाही’ म्हणते.

२०२४ साली हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पाहून शिकण्याचा तो जुना धडा आता औंढा-वसमतच्या मुलांना घराजवळ गिरवता येईल.