व्रणचिकित्सेतील मध : परंपरेपासून पुराव्यापर्यंत

प्रस्तावना
जखमेवर मध लावण्याची प्रथा अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. मात्र प्रथा प्राचीन आहे म्हणून ती परिणामकारक ठरत नाही. मधाच्या उपयुक्ततेचा पुरावा कोणत्या टप्प्यांनी उभा राहिला आणि तो नेमके काय सिद्ध करतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथातील पुरावा
इजिप्तमधील ‘एडविन स्मिथ पपायरस’ हे हस्तलिखित सुमारे इ.स.पू. १६०० मधील असून जेम्स ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यातील ४८ रुग्णप्रकरणांपैकी अनेकांत पहिल्या दिवशी जखमेवर ताजे मांस बांधावे व नंतर दररोज स्निग्ध पदार्थ, मध आणि तंतू यांचा उपचार करावा, असा निर्देश आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कर्णसंधानानंतर मध व तूप लावून, वर कापूस अथवा वस्त्रखंड ठेवून बांधण्यास सांगितले आहे. मधाचे शोधन, रोपण व संधान हे गुणही तेथे नमूद आहेत. दोन्ही परंपरांतील हे साम्य लक्षणीय आहे. परंतु ते वैद्यांच्या अनुभवाची साक्ष देते, उपचाराची तुलनात्मक परीक्षा करीत नाही.

प्रयोगशाळेतील पुरावा
मधातील जंतुरोधक घटकाला १९३७ मध्ये ‘इन्हिबिन’ असे नाव मिळाले. मधातील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजेच हा घटक होय, हे १९६३ मध्ये जोनाथन व्हाइट व सहकाऱ्यांनी दाखविले. मध जखमेतील स्रावाने पातळ झाला की ही क्रिया वाढते. शर्करेचे मोठे प्रमाण व आम्लता यांमुळेही जंतूंची वाढ रोखली जाते. न्यूझीलंडमधील मानुका मधाची विशेष शक्ती मिथाइलग्लायॉक्सलमुळे असते, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. अर्थात परीक्षानळीत जंतू मरणे आणि रुग्णाची जखम भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रुग्णालयातील पुरावा
या टप्प्यावर महाराष्ट्राचे योगदान महत्त्वाचे आहे. सोलापूर येथील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केला. मध लावलेल्या गटात ८७ टक्के जखमा १५ दिवसांत भरल्या. सिल्व्हर सल्फाडायझिन लावलेल्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. हा फरक मोठा असला, तरी कोणाला कोणता उपचार मिळाला हे अशा चाचणीत लपविणे अवघड असते, ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

उलट, न्यूझीलंडमध्ये नीलांच्या विकारामुळे पायावर होणाऱ्या जुनाट व्रणांच्या ३६८ रुग्णांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधाच्या पट्टीने १२ आठवड्यांत व्रण भरण्याच्या प्रमाणात लक्षणीय वाढ झाली नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात २६ चाचण्या व ३०११ रुग्ण समाविष्ट होते. त्वचेच्या अंशतः जाडीपर्यंत भाजलेल्या जखमा रूढ पट्ट्यांच्या तुलनेत मधाने सुमारे चार ते पाच दिवस लवकर भरतात, असा निष्कर्ष त्यात निघाला. मात्र अन्य अनेक प्रकारच्या जखमांबाबत ठोस निष्कर्ष काढता आला नाही.

समारोप
‘मध जखम बरी करतो काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ‘कोणता मध, कोणत्या जखमेवर, कशाच्या तुलनेत?’ असे विचारावे लागते. सुश्रुताने दुष्ट, शुद्ध व सद्योव्रण असा भेद करूनच उपचार सांगितले, हे येथे स्मरणीय आहे. तसेच मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. म्हणून वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केला जातो. स्वयंपाकघरातील बरणीला हा पुरावा लागू होत नाही. परंपरेने दिशा दाखविली. तिची व्याप्ती व सीमा मात्र परीक्षेनेच निश्चित केल्या. परंपरेचा खरा आदर तिच्या परीक्षणातच आहे.