पाणपक्ष्यांची खानेसुमारी

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारीचे आकडे दगडावर कोरून ठेवलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी भरवलेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी त्यावर नोंद आहे. संस्थानी काळात पाणपक्षी मोजले जात ते असे, मेल्यानंतर. मोठा आकडा हा यजमानाचा मान असे.

हीच रीत उलटी फिरवण्याचा प्रयत्न अमेरिकेत त्याआधीच झाला होता. नाताळात दोन गट पाडून कोण जास्त प्राणी-पक्षी मारतो, अशी स्पर्धा तिथे चाले. १९०० मध्ये पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी त्याच दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजावेत, असे सुचवले. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी २७ माणसे पुढे आली. हौशी माणसांनी, ठरल्या दिवशी, विनामोबदला पक्षी मोजण्याची परंपरा तिथून रुजली.

पाणथळींसाठी आंतरराष्ट्रीय गणना १९६७ मध्ये सुरू झाली. भारतीय उपखंडात ती १९८७ मध्ये आली आणि पुढे 'आशियाई पाणपक्षी गणना' म्हणून आशियाभर पसरली. त्याच वर्षी जूनमध्ये सालिम अली यांचे निधन झाले. ही गणना जानेवारीत होते, त्यालाही कारण आहे. तेव्हा स्थलांतरित पक्षी हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात आणि एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची शक्यता कमी असते.

मोजणीची पद्धत साधी आहे. थव्यातले दहा किंवा शंभर पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि त्या मापाने उरलेला थवा मोजायचा. वारकरी, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक अशी जातवार नोंद करायची. अंदाज थोडा चुकतो. पण दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच रीतीने मोजले की चढउतार कळतो.

या आकड्यांना वजन आले ते रामसर करारामुळे. १९७१ च्या या कराराच्या निकषांनुसार, एखाद्या पाणथळीत नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी येत असतील, तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. असा दावा करायला वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी लागतात. 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणून ओळखले जाणारे नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये राज्याचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा मुळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. गाळ साचून तिथे उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, आणि पक्षी आले.

मोजणीचा इतिहास सांगताना शून्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. केवलादेवला १९६० च्या दशकात सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच येत. आकडा घटत गेला आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. आधीचे आकडे लिहून ठेवले होते, म्हणूनच नंतरच्या शून्याला अर्थ आहे. उलट, ज्या तळ्यावर कोणी मोजायलाच गेले नाही, तिथली कोरी जागा काहीच सिद्ध करत नाही. उद्या ते तळे बुजवायला निघालेला माणूस 'इथे पक्षी नव्हतेच' असे म्हणाला, तर त्याला दाखवायला कागद नसतो.

म्हणून गावाजवळच्या लहान तलावाची, चार-दोन टिटव्यांचीच का होईना, दरवर्षीची नोंद हे इतिहासाचे अस्सल साधन आहे. भरतपूरचे आकडे दगडावर असल्याने टिकले. हे कागदावरचे आकडे टिकवायचे, तर दर जानेवारीत कोणीतरी तिथे जाऊन पुढची ओळ लिहावी लागते.