साहाय्यक साधने : मेंदूला इजा झालेल्या विद्यार्थ्यांसाठी

अपघाताने वा आजाराने मेंदूला इजा पोहोचल्यावर स्मृती, अवधान, वाचनाची गती आणि कामाचा क्रम लावण्याची शक्ती यांत जी उणीव मागे राहते, ती अंशतः भरून काढून महाविद्यालयीन अध्ययन चालू ठेवण्यास उपयोगी पडणारी उपकरणे व संगणकीय सुविधा.

खानदेशात हा विषय रस्त्यांपासून वेगळा काढता येत नाही. सुरत–नागपूर महामार्ग जळगाव शहरातून जातो, धुळ्यास त्याला मुंबई–आग्रा महामार्ग छेदतो, आणि तालुक्याच्या गावांहून दुचाकीवर कॉलेजास येणाऱ्या मुलाचे शिरस्त्राण बहुधा घरीच असते. अपघातानंतर टाके निघाले की घरची माणसे त्याला बरा झाला असे मानतात. वर्गात मात्र प्राध्यापकांचे एक वाक्य वहीत उतरण्याआधीच दुसरे सुरू होते आणि पहिल्याचा आरंभ त्याच्या स्मरणातून निसटलेला असतो.

अशा साधनांची उपयुक्तता सप्रमाण दाखविणारा महत्त्वाचा प्रयोग इंग्लंडात झाला. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने मेंदूला इजा झालेल्या आपल्या मुलाच्या गरजेतून ‘न्यूरोपेज’ ही ठरल्या वेळी सूचना देणारी पेजर-योजना घडविली होती. तिची मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन व सहकाऱ्यांनी १४३ जणांवर घेतलेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि बहुसंख्यांस लाभ झाल्याचे आढळले. आज तेच काम साधा मोबाइल करतो : गजर, ध्वनिमुद्रण, मजकूर वाचून दाखविणारा आवाज, बोललेले टंकित करणारी सोय. गूगलने ही शेवटची सोय मराठीत २०१७ साली आणली. खानदेशातील अहिराणी बोलणाऱ्याला तिच्यासमोर प्रमाण मराठीच बोलावी लागते. गजर कोणी लावून द्यायचे, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवीत नाही. भाऊ, बहीण वा सहाध्यायी यांच्यावाचून ही तजवीज फार दिवस टिकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत मेंदूची आघातजन्य इजा स्वतंत्रपणे नोंदलेली नाही. दाखला मिळतो तो तिच्या परिणामांवर, म्हणजे चलनवलन, वाचा वा अन्य दोषांवर. उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. परीक्षेत लेखनिक घेण्यासाठी मात्र ही अट अनिवार्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार खटल्यात दिला. त्या खटल्यातील परीक्षार्थी विकास कुमार यांचा विकारही मज्जासंस्थेचाच, लिहिताना हात आखडण्याचा होता. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे २० मिनिटे जादा मिळत, आणि परीक्षासंस्थेने दिलेल्या लेखनिकाची भेट दोन दिवस आधी घेण्याची मुभा असे. स्मृती क्षीण झालेल्यास एवढी मुदत अपुरी पडते. परीक्षागृहात फोन नेता येत नसल्याने वर्षभर त्यावर विसंबलेल्याने नियमांत मुभा असेल तर स्वतःचा लेखनिक आधीच निवडून त्याच्यासह जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे श्रेयस्कर.