पाणी गुणवत्ता तज्ज्ञ

पाणी गुणवत्ता तज्ज्ञ : सार्वजनिक योजनेचे पाणी पिण्यायोग्य आहे का हे तपासणारा, ते बिघडले तर मूळ शोधणारा आणि योजना चालवणाऱ्यांना उपाय सुचवणारा पर्यावरण शास्त्रज्ञ. महाराष्ट्रात हे काम निरनिराळ्या पदांवरून चालते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत रसायनी व अणुजीव शास्त्रज्ञ असतात, तर जिल्हा परिषदेत पाणी गुणवत्ता सल्लागार. नागपूरची ‘नीरी’ ही या क्षेत्रातील मोठी संशोधनसंस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठीच सुरू झाली. तिला आजचे नाव १९७४ मध्ये मिळाले.

तपासणीला आधार आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकाचा. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते.

गावातल्या पाण्याची खरी भिस्त ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकावर असते. ते निर्जंतुक करायला हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते. ती आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत किंवा टाकीत सोडायची आणि किमान अर्धा तास थांबायचे. पावडरीचे पोते उघडे किंवा ओलीत राहिले की क्लोरीन उडून जातो. मग हिशोबाने टाकलेली पावडरही निकामी ठरते, म्हणून साठ्यातल्या पावडरीचा नमुनाही तपासावा लागतो. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते.

पुढची पायरी ओटी चाचणीची. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. तो पहिल्या दहा सेकंदांतच पाहायचा, कारण उशीर केला तर अमोनियाशी जखडलेला, जंतू मारायला दुबळा क्लोरीनही रंग देऊ लागतो. हा नमुना टाकीजवळचा घेऊन भागत नाही. तो वस्तीच्या टोकाच्या नळाचा हवा. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास, कुठे दिवसाआड सुटते. नळ बंद असताना रिकाम्या वाहिनीत दाब उरत नाही आणि गटारालगतच्या फुटक्या जोडातून घाण आत ओढली जाते. टाकीवर छान पिवळा रंग आणि शेवटच्या घरी काहीच नाही, असे दिसले की चांगला तज्ज्ञ आधी गळती शोधायला निघतो. पावडर वाढवून तो जोड दुरुस्त होत नाही.

जिवाणू तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असते, नाहीतर पाण्यातला क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहील आणि अहवाल खोटा येईल. बाटली बर्फाच्या पेटीतून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवतात.

पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा स्रोतांची स्वच्छता पाहणी होते. जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. फ्लोराइडला ना वास ना रंग. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसू लागतात, तोवर ते पाणी पिण्यात कित्येक वर्षे गेलेली असतात. पुढे हाडे आणि सांधेही आखडतात. तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नीरीने विकसित केली. पण तिला रोजची नीट देखभाल लागते, त्यामुळे जमेल तिथे स्रोत बदलणेच श्रेयस्कर. अहवालात ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा मारून हातपंपाला लाल रंग लावला आणि दुसरे पाणी दिले नाही, तर बायका त्याच पंपावर येतात. पर्यायी स्रोत मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हाही तज्ज्ञाच्याच कामाचा भाग मानला पाहिजे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पाणी तपासणी प्रयोगशाळाही सर्वांसाठी खुल्या केल्या असून नाममात्र शुल्क भरून कोणालाही आपल्या घरच्या पाण्याचा नमुना तिथे देता येतो.