थोरल्याचे धाकट्याला : मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचा इतिहास

शाळेचा इतिहास लिहिताना इमारती, मुख्याध्यापक, निकाल आणि पारितोषिके यांची नोंद आवर्जून केली जाते. त्या शाळेत मुले काय घालून येत होती, ते कपडे कोठून येत आणि पुढे कोणाकडे जात, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. नोकरदार कुटुंबाच्या वार्षिक जमाखर्चात दोन प्रसंग अवघड असत : शाळा सुरू होण्याचा महिना आणि दिवाळी. दोन्ही वेळी प्रश्न एकच, मुलांच्या कपड्यांचा. मूल वर्षभरात दोन-तीन बोटे वाढते आणि कापड विरण्याआधीच कपडा आखूड होतो. या साध्या वस्तुस्थितीतून वापरलेल्या कपड्यांचा एक मोठा व्यवहार उभा राहिला. त्याचा इतिहास हा जितका काटकसरीचा, तितकाच मुलांच्या स्वाभिमानाचाही इतिहास आहे.

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर हे या इतिहासाचे एक बोलके ठिकाण होय. स्वातंत्र्यानंतर राजधानीचा कारभार विस्तारला आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी या भागात निवासस्थाने बांधली गेली. सरोजिनी नगर आणि आसपासचा हा परिसर तेव्हा विनय नगर म्हणून ओळखला जाई. ते नाव आज तेथील विनय नगर बंगाली शाळेच्या पाटीवर टिकून आहे. झाशीच्या राणीचे नाव मिरवणारी वसाहत, शेजारी सरोजिनी नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर आणि किदवई नगर, आणि घरोघरी मंत्रालयांत काम करणारी नोकरदार माणसे. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आजोळ पुण्याला, नागपूरला किंवा कोकणात आणि संसार दिल्लीत, अशी त्यांची विभागणी असे.

या घरांचे अर्थकारण वेतन आयोगांच्या आकड्यांतून समजते. 1959 साली अहवाल देणाऱ्या दुसऱ्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान वेतन दरमहा 80 रुपये झाले. कारकुनाचे वेतन यापेक्षा अधिक असे, तरी तीन मुलांना सणासाठी नखशिखांत नवे कपडे करण्याइतके ते नसे. म्हणूनच अराजपत्रित कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सणाच्या अग्रिमाला महत्त्व होते. बिनव्याजी मिळणारी ही रक्कम पुढे महिन्यामहिन्याने पगारातून कापली जाई. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर ही सोय बंद झाली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ती एकदाच पुन्हा दिली : 10,000 रुपये, दहा हप्त्यांत परत करण्याच्या अटीवर. दिवाळीचे नवे कपडे म्हणजे अनेक घरांत पुढच्या दहा महिन्यांचे ऋण होते, हे यातून स्पष्ट होते.

मराठी घरांत जुन्या कपड्याला कमीपणा चिकटलेला नव्हता. उलट नवजात बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श होई तो जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा. आजीच्या लुगड्याची दुपटी होत, आईच्या साडीचे परकर-पोलके होई, आणि उरलेल्या तुकड्यांना गोधडीत जागा मिळे. कुंची, झबली आणि टोपडी एका बाळाची झाली की जपून ठेवली जात आणि पुढच्या बाळंतिणीकडे पाठवली जात. संक्रांतीनंतर होणाऱ्या बोरन्हाणाचे उदाहरण तर अधिक सूचक आहे. त्यासाठी लागणारे काळे झबले आणि हलव्याचे दागिने मूल क्वचितच दुसऱ्यांदा घालते. एका घरातील हा साज नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी फिरावा, हे ओघानेच आले. परमुलखात, जेथे हलव्याचे दागिने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, तेथे अशा देवघेवीचे मोल आणखी वाढते. हा साज कोणत्या मुलाने आधी घातला होता, हे सांगण्यात घेणाऱ्याला संकोच नसतो, कौतुकच असते.

कोऱ्या कपड्याचा मान अर्थातच वेगळा होता. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर नवा कपडा अंगावर यावा, त्याला कुंकवाचे बोट लागावे, त्याची घडी मोडण्याचा आनंद मुलाला मिळावा, ही प्रत्येक आईची इच्छा. 'श्यामची आई' वाचलेल्या वाचकाला धाकट्या भावासाठी पै-पैसा साठवून नवा कोट शिवणारा श्याम सहज आठवेल. नव्या कपड्यात किती माया सामावू शकते हे त्या प्रसंगाने अनेक पिढ्यांना शिकवले. तरीही घरात वाटणी ठरलेली असे. थोरल्याला नवे, धाकट्याला थोरल्याचे. शिंप्याला वाढते माप सांगितले जाई, पाटलोणीच्या आणि झग्याच्या खाली चार बोटे दुमड ठेवली जाई, आणि दरवर्षी ती थोडी थोडी उसवली जाई. दुमड उसवल्यावर तेथे न विटलेल्या कापडाची गडद रेघ उमटे. कपडा किती वर्षांचा आहे हे ती रेघ सांगून टाकत असे.

दिल्लीच्या हवामानाने या व्यवहारात आणखी भर घातली. पुण्या-मुंबईच्या शाळेत एक गणवेश वर्षभर पुरतो. दिल्लीत उन्हाळ्याचा वेगळा आणि हिवाळ्याचा वेगळा. लोकरी स्वेटर आणि कोट महाग, वापर जेमतेम तीन महिन्यांचा, आणि पुढच्या थंडीपर्यंत मूल त्यात मावेनासे झालेले. त्यावर दिल्लीच्या गृहिणींनी काढलेला तोडगा म्हणजे विणकाम. हिवाळ्यातील दुपारच्या उन्हात घरापुढे बसून सुया चालवणाऱ्या स्त्रिया हे सरकारी वसाहतींतील नित्याचे दृश्य होते. आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लडी करून त्या धुवायच्या, ओल्या लडी टांगून त्यांचे वेटोळे सरळ करायचे आणि त्याच लोकरीत नव्या रंगाची एक पट्टी घालून मोठा स्वेटर विणायचा. अशा रीतीने एकच लोकर दोन-तीन भावंडांच्या अंगावरून जात असे.

घरात उपयोग संपलेला कपडा बोहारणीकडे जाई. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण मराठी माणसाला नवी नाही. दिल्लीत हा व्यवसाय प्रामुख्याने मूळच्या गुजरातमधील वाघरी समाजाच्या स्त्रियांनी केला. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन त्या वसाहती-वसाहतींतून फिरत. गोळा केलेले कपडे पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगरच्या बाजारात पहाटेच्या अंधारात विकले जातात. तेथून चांगले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री करून आठवडी बाजारांत विक्रीस येतात, आणि अगदी जीर्ण झालेल्या कपड्यांची पोतेरी होतात. लक्ष्मीबाई नगरातील घरात एका स्टीलच्या डब्यावर गेलेला सदरा शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या मजुराच्या मुलाचा सणाचा कपडा होई. देणाऱ्या घराला त्याचा पत्ता नसे आणि घेणाऱ्यालाही.

वसाहतीशेजारच्या सरोजिनी नगर बाजाराने याहून वेगळा मार्ग खुला केला. दिल्ली आणि भोवतालच्या कारखान्यांत परदेशांसाठी तयार कपडे शिवले जाऊ लागले, तेव्हा मागणीपेक्षा जास्त शिवलेला किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेला माल येथील पदपथांवर येऊ लागला. कापलेले लेबल, एखादे चुकलेले बटण, बाहीवरील लहानसा डाग, आणि किंमत दुकानातील किमतीच्या अंशाइतकी. त्यात वापरलेले कपडेही मिसळलेले असत. पारखी नजरेलाच भेद कळे. शिवण उलटून पाहणे, काखेतील कापड उजेडात धरणे, चेन दोनदा ओढून पाहणे, ही विद्या त्या बाजाराने गृहिणींना दिली. 29 ऑक्टोबर 2005 रोजी, दिवाळीच्या खरेदीने हा बाजार फुललेला असताना, येथे आणि पहाडगंजात बॉम्बस्फोट झाले. मुलांना कपडे घ्यायला आलेली कुटुंबे त्या गर्दीत होती. त्या दुःखानंतरही बाजार पुन्हा उभा राहिला, कारण मर्यादित पगारात सण साजरा करण्याची गरज संपलेली नव्हती.

येथवर पाहिलेल्या सर्व व्यवहारांत एक सूत्र आढळते. नात्यातून किंवा शेजारातून आलेला कपडा आशीर्वादासारखा स्वीकारला जाई; बाजारातून विकत घेतलेला जुना कपडा मात्र लपवला जाई. कापड तेच, वीणही तीच. फरक होता तो कपडा कसा मिळाला याचा. आणि हा फरक सर्वांत तीव्रतेने जाणवला तो शाळेच्या गणवेशात.

गणवेशाचा हेतू समानतेचा. सचिवाचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा एका रांगेत सारखे दिसावेत, ही त्यामागील भावना उदात्त आहे. परंतु सर्वांचा कपडा एक झाला की उरलेला फरक अधिकच उठून दिसतो. नव्या निळ्याशेजारी विटलेला निळा, टिनोपाल घातलेल्या पांढऱ्याशेजारी पिवळसर पांढरा, खिशावर जुने बोधचिन्ह उसवल्याची खूण, कॉलरच्या आत शाईने लिहिलेले दुसऱ्याचे नाव, हे सारे प्रार्थनेच्या रांगेत मुलांच्या नजरेतून सुटत नाही. टेरिकॉटचे कापड आल्यावर गणवेश अधिक टिकाऊ झाले आणि त्यांचा रंगही लवकर उडेनासा झाला. कापडाने प्रश्न थोडा सौम्य केला, पण सोडवला नाही.

सरकारी नियमांचा कलही नव्याकडेच राहिला. सहाव्या वेतन आयोगानंतर, 2008 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना मुलांच्या शिक्षणाच्या खर्चाची भरपाई मिळू लागली. त्यात वर्षाला गणवेशाचे दोन जोड आणि शाळेच्या बुटांचा एक जोड यांचा समावेश होता. भरपाईसाठी पावती लागे, आणि शेजारणीकडून आलेल्या गणवेशाला पावती नसते. काटकसर करणाऱ्याला त्या तरतुदीतून काही मिळत नसे. 2017 मध्ये ही पद्धत बदलून दरमहा 2,250 रुपयांची ठरीव रक्कम आली आणि केवळ शाळेचा दाखला पुरेसा झाला. सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या पात्र मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांकरिता वर्षाला 600 रुपयांची तरतूद आहे. शिलाई आणि कापडाचे दर ठाऊक असलेल्या पालकांना या आकड्याचा तोकडेपणा समजावून सांगण्याची गरज नाही.

जुना कपडा आणि मानहानी यांची जोड अटळ आहे काय, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते 1949 पर्यंत चालले. कूपनांवर मिळणारे कापड वाढत्या मुलांना पुरेना. तेव्हा तेथील महिला स्वयंसेवी सेवेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रे चालवली. आईने लहान झालेले स्वच्छ कपडे आणून द्यायचे, त्यांचे गुण ठरायचे आणि तेवढ्याच गुणांचे मोठ्या मापाचे कपडे घेऊन जायचे. तेथे पैशाचा संबंध नव्हता आणि दानाचाही नव्हता. कूपने श्रीमंतांनाही मोजूनच मिळत असल्याने केंद्रावर येण्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण उरले नाही. आपल्याकडेही त्याच काळात कापडाची भीषण टंचाई होती. 1943 च्या जूनमध्ये सूत व कापडावर नियंत्रण आले. 1948 च्या आरंभी ते उठवले गेले, भाव कडाडले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले. परंतु मुलांच्या कपड्यांची वाटणी आपण संस्थांवर न सोपवता नात्यागोत्यावरच सोपवली. ज्याला नाते नव्हते, त्याला बाजार.

दिल्लीतच 1999 मध्ये सुरू झालेल्या 'गूंज' या संस्थेने हा विचार पुढे नेला. शहरांतील वापरलेले कपडे गावांकडे पाठवताना ते भीक म्हणून न देता, गावाने मिळून केलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धत तिने रुजवली. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा देणे सोपे असते. घेणाऱ्याची मान ताठ ठेवून तो देणे अवघड, हे या कामाने दाखवून दिले.

आज परिस्थिती पालटली आहे. घरोघरी एक किंवा दोन मुले. धाकट्याला द्यायला थोरल्याचे उतरतेच असे नाही, आणि थोरल्याचे उतरले तरी घ्यायला धाकटा नसतो. चुलत-मामे भावंडे दूरच्या शहरांत विखुरली. त्यामुळे चांगल्या स्थितीतील गणवेश, ब्लेझर, स्नेहसंमेलनापुरते शिवलेले धोतर, नऊवारी, फेटे आणि दिवाळीला एकदाच घातलेले पोशाख कपाटांत पडून राहतात. त्याच वेळी, त्याच शाळेच्या दुसऱ्या वर्गातील पालक हप्त्यांचा हिशोब मांडत असतात. पूर्वी नात्याने जे काम केले ते करू शकेल अशी, एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांची एकच संस्था आता उरली आहे, ती म्हणजे शाळा.

हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी शाळेला संगणक देतील, बाके देतील, सभागृहाला रंग देतील. त्यांच्या जोडीला एक कपाटही पुरे आहे. वार्षिक निकालाच्या दिवशी प्रत्येक पालकाने लहान झालेला गणवेश धुऊन, इस्त्री करून, बटणे पूर्ण करून, आतील नाव काढून आणावा. मापाप्रमाणे तो लावला जावा आणि ज्याला जे माप हवे ते त्याने घ्यावे. गरजूंची यादी नको, नावे वाचून दाखवणे नको, छायाचित्र तर नकोच. एकच अट असावी : ज्यांची ऐपत आहे त्यांनीही तेथून घ्यावे. शिक्षकांची, विश्वस्तांची आणि अधिकाऱ्यांची मुले त्या कपाटातील स्वेटर घालून रांगेत उभी राहिली, की तो स्वेटर कोणाचा होता हा प्रश्नच उरणार नाही. बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याला जो मान मराठी घरांनी दिला, तोच मान शाळेच्या गणवेशालाही मिळेल.