धर्माचा रकाना

परवा नातवाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरत होतो. 'धर्म' या रकान्यापाशी आलो आणि पेन थांबलं. माझ्या नोकरीची पहिली वर्षं आदिवासी भागात गेली. जूनमध्ये मुलं दाखल व्हायची. मी जनरल रजिस्टर पुढे ओढून 'हिंदू वारली', 'हिंदू कोकणा' असं भराभर लिहून मोकळा व्हायचो. एकाही बापाला विचारलं नाही. इतिहासाच्या तासाला मात्र 'आदिवासी निसर्गपूजक असतात' हे वाक्य उतरवून द्यायचो!

त्या एका वाक्यात किती दडलं होतं, ते निवृत्तीनंतर झारखंडविषयी वाचताना कळलं. छोटा नागपूरच्या पठारावर मुंडा आणि उरांव लोकांच्या गावाजवळ सालवृक्षांची राई असते. तिला म्हणतात सरना. संथाळांचं ते जाहेरथान. पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवलं तेव्हा मूळ अरण्याचा एक तुकडा देवांसाठी तसाच राखला, अशी मुंडांची परंपरा. कळस नाही, गाभारा नाही. झाडं हेच देऊळ. वसंतात साल फुलला की सरहुलचा सण येतो. पाहन, म्हणजे गावचा पुजारी, मडक्यांत पाणी भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पातळी पाहून पावसाचं भाकीत सांगतो. आपल्या भेंडवळच्या घटमांडणीची आठवण होते ना?

इंग्रजांना त्याच सालात रेल्वेचे स्लीपर दिसले. १८७८च्या वनकायद्याने सरकारचा जंगलावरचा ताबा पक्का झाला. स्वातंत्र्यानंतरही नजर फारशी बदलली नाही. १९७८च्या सुमारास सिंहभूममध्ये साल काढून सागवान लावायला लागले, तेव्हा लोकांनी सागाची रोपं उपटली. सागाला बाजारात भाव होता, पण सालाची फुलं देवाला, पानं पत्रावळींना आणि बिया तेलाला. सागाच्या रांगांत त्यांचा देव कुठे बसणार?

आता रकान्याकडे येतो. १९०१ आणि १९११च्या जनगणनेत या लोकांना 'ॲनिमिस्ट' म्हणून वेगळं मोजलं होतं. नाव परक्यांनी दिलेलं, पण रकाना होता. स्वतंत्र भारतात तोही गेला, उरलं 'इतर'. तरीही २०११मध्ये ४९ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'सरना' असा नोंदवून घेतला. त्याच जनगणनेत जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होती, आणि त्यांना स्वतंत्र रकाना आहे. ११ नोव्हेंबर २०२० रोजी झारखंड विधानसभेने सरना धर्मासाठी वेगळ्या रकान्याचा ठराव एकमताने केला. पुढच्याच वर्षी व्हायची ती जनगणना मात्र लांबली.

आदिवासी हिंदूच आहेत असं म्हणणारे आहेत, नाहीत म्हणणारेही आहेत. त्या वादात मी पडत नाही. माझी चूक त्याहून साधी आहे. त्या बापांना विचारलं असतं तर कदाचित त्यांनीही 'हिंदू'च सांगितलं असतं.

पण ते त्यांनी सांगितलं असतं.